डायनॅमोच्या जुन्या गाडीची बॅटरी सारखी उतरते, दिवे मंद पडतात: बिघाड शोधायचा क्रम

लक्षणं

रात्री गाडी नीट लावली होती, सकाळी सेल्फ मारला तर नुसतं 'टक्'. बॅटरी चार्ज करून बसवली, आठवडाभर गाडी छान चालली, मग पुन्हा तेच. नवी बॅटरी घेतली, महिन्याभरात तीही उतरली. हे ज्यांच्या गाडीला सारखं होतंय त्यांच्यासाठी लिहितोय. गाडी डायनॅमोची (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारं जुनं यंत्र) आहे, म्हणजे साधारण १९६० च्या दशकापर्यंतची, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर येण्याआधीची, असं धरलंय.

खालच्यापैकी काय काय दिसतंय ते आधी कागदावर लिहून काढा. एकेकटं लक्षण फसवतं, दोन-तीन एकत्र पाहिली की दिशा कळते.

- थंड गाडी सेल्फवर लगेच उठते, पण तापलेली गाडी बंद करून पुन्हा मारली तर सेल्फ जड फिरतो.
- हेडलाइट पिवळट पडतात, दोन्हींचा उजेड सारखा नसतो.
- इंडिकेटर दिला की टेललाइटही त्याच्याबरोबर लुकलुकतो, किंवा ब्रेक दाबला की इंडिकेटर थांबतो.
- चोक किंवा ॲक्सिलरेटरची केबल सेल्फ मारताना गरम होते.
- चार्जिंगचा लाल दिवा गाडी पळत असतानाही अंधुक पेटलेला राहतो.
- बल्ब वरचेवर उडतात, बॅटरीचं पाणी लवकर आटतं.
- पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकाच वेळी जास्त दाखवतात.
- दोन-तीन दिवस गाडी हललीच नाही, तरी बॅटरी रिकामी.

पहिली चार लक्षणं जोड आणि अर्थिंगची, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे परतणाऱ्या विजेच्या रस्त्याची. लाल दिवा अंधुक राहतो तेव्हा बहुतेकदा कटआउट (डायनॅमो थांबला की त्याला बॅटरीपासून आपोआप तोडणारा स्विच) किंवा त्याच्या आसपासचे जोड पाहावे लागतात. बल्ब उडणं आणि पाणी आटणं हे जास्त चार्जिंगचं लक्षण. उभ्या गाडीची बॅटरी उतरते तेव्हा करंट कुठेतरी झिरपतोय. आणि दोन काटे एकदम चुकतात तेव्हा दोन मीटर एकाच दिवशी बिघडलेत असं समजू नका. १९६० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत त्या दोघांना मिळून एकच व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, आणि त्याची अर्थ सुटली की दोन्ही काटे मिळून वर चढतात. डॅशबोर्डमागचा एक स्क्रू घासून आवळला की दोन्ही जागेवर येतात.

बिघाड बहुतेकदा कुठे असतो

मी अशा गाड्या वर्षानुवर्षं दुरुस्त करतोय आणि पुन्हा पुन्हा एकच गोष्ट पाहतोय. डायनॅमो, सेल्फ आणि डायनॅमोचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर हे भाग दणकट असतात, वेळेवर तेल आणि नवे कार्बन (फिरत्या भागावर टेकून वीज नेणारे, झिजणारे तुकडे) मिळाले तर पन्नास वर्षं टिकतात. धरलेले असतात ते सांधे. तांब्यावर काळा थर, पितळेवर हिरवा, बॅटरीच्या टोकांवर पांढरा, आणि बॉडीवर गंज किंवा रंग. वायर डोळ्यांना जोडलेली दिसते, पण विजेला तिथे धड रस्ता नसतो.

हा थर किती नुकसान करतो ते आकड्यांतच कळतं. १९१२ मध्ये कॅडिलॅकच्या गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ आला, तेव्हापासून गाडीतला सगळ्यात मोठा भार सेल्फचाच आहे. तो फिरताना सहज १५० ते २०० अँपिअर ओढतो. वाटेत एका जोडाला फक्त ०.०१ ओहमचा विरोध असेल, जो साध्या मल्टिमीटरवर दिसतसुद्धा नाही, तर २०० अँपिअरला तिथे २ व्होल्ट वाया जातात. १२ व्होल्टच्या गाडीला ते जाणवतं. ६ व्होल्टच्या गाडीला तर सेल्फ तेवढीच ताकद लावायला दुप्पट करंट ओढतो, म्हणून त्याच जोडावर नुकसानही दुप्पट, आणि मुळात हातात व्होल्ट निम्मेच. '६ व्होल्टची गाडी उठायचीच नाही' असं लोक म्हणतात त्यामागे एवढंच आहे. जोड स्वच्छ आणि केबल पुरेशी जाड असेल तर ती उठते, मी रोज उठवतो.

दिव्यांचंही तसंच. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर बल्बचा उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. मोठ्या वॅटचे बल्ब घालायच्या आधी हे लक्षात घ्या.

हात लावण्याआधी

लागेल ते सामान थोडं आहे: साधा डिजिटल मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प (दोन वायरी लावलेला साधा बल्ब), बारीक पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, पाने, दोन्ही टोकांना चिमटे लावलेली दोन मीटरची एक वायर, आणि व्हॅसलिन. वायरिंगचा नकाशा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

आधी गाडीचं पॉझिटिव्ह बॉडीला आहे की निगेटिव्ह, ते पाहा. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. आज बॅटरी बदलणारा सवयीनं निगेटिव्ह बॉडीला लावून मोकळा होतो. सेल्फ फिरतो, दिवे पेटतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण ॲमीटर (बॅटरीत करंट जातोय की निघतोय ते दाखवणारा काटा) उलटा चालतो, इग्निशन कॉइलची पोलॅरिटी उलटून ठिणगी कमजोर होते, डायनॅमोचा उरलेला चुंबकत्वाचा अंश आणि बॅटरी यांचा मेळ बसत नाही, आणि रेडिओसारखं काही इलेक्ट्रॉनिक असेल तर ते जागीच जातं.

बॅटरी सोडवताना बॉडीला जोडलेलं टोक आधी काढायचं आणि लावताना शेवटी लावायचं, मग ते पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह. असं केलं तर पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याच्याजवळ ठिणगी म्हणजे बॅटरी फुटून ॲसिड तोंडावर. चष्मा घाला. घड्याळ, अंगठी, धातूचं कडं काढून ठेवा.

१. बॅटरी आणि तिची टोकं

इथे खर्च शून्य आणि वेळ अर्धा तास, म्हणून सुरुवात इथून. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही चालू न करता, बॅटरीचं व्होल्टेज मोजा. १२ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. ६ व्होल्टच्या बॅटरीला ६.३ च्या वर हवं. बॅटरी भरलेली नसेल तर आधी चार्जरवर भरून घ्या, कारण अर्ध्या बॅटरीवर केलेली पुढची प्रत्येक तपासणी खोटं बोलेल.

मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवरच टेकवा. फिरताना १२ व्होल्टची बॅटरी ९.६ च्या खाली जायला नको. गेली तर बॅटरी थकलीय किंवा सेल्फ फार ओढतोय. १०.५ ला थांबली आणि तरीही सेल्फ रडतोय, तर बॅटरी चांगली आहे, वीज वाटेत अडकतेय.

टोकं उघडा. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या चिमट्याच्या आतली बाजू काळी निघते. खाण्याच्या सोड्याचं कोमट पाणी ओतून पांढरा क्षार धुवा, पण ते बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. खुंट आणि चिमटा दोन्ही घासून चकाकले की आधी आवळा, मग वरून व्हॅसलिन लावा. आधी व्हॅसलिन आणि मग चिमटा, असं करू नका.

केबलकडेही नीट पाहा. ६ व्होल्टच्या गाडीला आजच्या १२ व्होल्टच्या मापाची तयार केबल लावलेली मला किती वेळा सापडलीय. बाहेरचं प्लास्टिक जाड दिसतं, आत तांबं बोटभरही नसतं. ६ व्होल्टला मूळ जाडीचीच केबल हवी.

२. अर्थिंग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वीज बॅटरीतून निघते तशी तिला परतही यावं लागतं, आणि जुन्या गाडीत परतीचा रस्ता म्हणजे गाडीची बॉडी. प्रत्येक बल्ब, हॉर्न, मोटर बॉडीतूनच बॅटरीकडे परत येते. जाणाऱ्या वायरी सगळे तपासतात, परतीचा रस्ता कुणी पाहत नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीचं पूर्ण रंगकाम झाल्यावर तिचे बल्ब उडायला लागले. महिन्यात चार. बॅटरीत दर आठवड्याला पाणी घालावं लागायचं. मी एक रेग्युलेटर बदलला, मग दुसरा. तेच. शेवटी चिमटे लावलेल्या वायरीचं एक टोक रेग्युलेटरच्या 'ई' (अर्थच्या) टर्मिनलला आणि दुसरं थेट इंजिनला लावलं, आणि मीटरवर १६ च्या वर गेलेला आकडा डोळ्यांदेखत १४.२ वर आला. रेग्युलेटरची अर्थ ज्या स्क्रूखाली होती तिथे नव्या रंगाचे दोन थर बसले होते. रेग्युलेटरच्या आतली कॉइल व्होल्टेज मोजते ते अर्थच्या आधारानं. अर्थ कच्ची असली की तिला व्होल्टेज कमी वाटतं, आणि ती डायनॅमोला आणखी जोर लावायला देते. तीन इंचांचा रंग खरवडला आणि दोन्ही 'बिघडलेले' रेग्युलेटर आजही चालतात. म्हणून नुकतंच रंगकाम झालेली गाडी आली की मी दुसरं काही पाहायच्या आधी सगळ्या अर्थ उघडतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटावर, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूवर. सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बॅटरी आणि इंजिन यांच्यामध्ये कुठेतरी विरोध आहे. मग दुसरं टोक बॉडीवर ठेवून पुन्हा मोजा, म्हणजे दोष बॅटरी ते बॉडीमध्ये आहे की बॉडी ते इंजिनमध्ये, ते कळेल. ओहमच्या रेंजवर हे दिसत नाही. शंभर तारांपैकी एकच तार शाबूत असलेली केबलही ओहमच्या रेंजवर पास होते; भार टाकल्याशिवाय तिचं खरं रूप कळत नाही.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी जोडणारी विणलेल्या तांब्याची पट्टी असते. कधी इंजिन उतरवलं तेव्हा ती परत लावायची राहते. मग सेल्फचे २०० अँपिअर सापडेल त्या वाटेनं परततात: चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल. केबल तापणं, तिचं वेष्टण वितळणं, हे याचंच. असं दिसलं की सेल्फ मारणं तिथल्या तिथे थांबवा आणि पट्टी बसवा. माझ्या मते प्रत्येक गाडीला ही पट्टी नवी टाकावी.

दिव्यांची अर्थ वेगवेगळी तपासा. दिवा पेटलेला ठेवून बल्बच्या होल्डरची बॉडी आणि बॅटरीचं अर्थ टोक यांच्यात मोजा, ०.१ व्होल्टच्या आसपास ठीक. इंडिकेटरबरोबर टेललाइट लुकलुकतो तेव्हा त्या दिव्याला परतीचा रस्ता नसतो, म्हणून वीज शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटी जाऊन दुसरीकडे अर्थ शोधते. होल्डर काढून त्याची बॉडीला टेकणारी बाजू घासली की बरेचदा काम होतं. मडगार्डच गंजलं असेल तर होल्डरपासून मुख्य बॉडीपर्यंत वेगळी काळी वायर ओढा. मूळ रूप बिघडत नाही आणि दिवा आयुष्यभर नीट जळतो.

प्रत्येक अर्थ स्क्रू काढून खालचा धातू चमकेपर्यंत घासायचा, दातेरी वॉशर घालायचा, आवळायचा, मग वरून ग्रीस. एका दुपारचं काम आहे, आणि माझ्याकडे आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच इथेच बऱ्या झाल्या.

३. फ्यूज आणि बुलेट जोड

फ्यूज काढा, त्याची टोकं आणि ज्या पितळी चिमट्यात तो बसतो तो चिमटा घासा. चिमटा सैल असेल तर हलक्या हातानं दाबा. सैल चिमटा तापतो, तापला की आणखी सैल होतो, आणि फ्यूज शाबूत असून वीज जात नाही.

फ्यूजच्या आकड्यात एक फसगत आहे. जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं, तो फ्यूज उडण्याचा आकडा. सतत वाहायला तो १७ अँपिअरचाच. आज मिळणाऱ्या बऱ्याच फ्यूजवर सतत वाहण्याचा आकडा छापलेला असतो. ३५ वाचून तसला ३५ घातला तर फ्यूजच्या आधी वायर जळेल. चांदीचा कागद गुंडाळलेला फ्यूज सापडला तर तो आजच फेका.

ब्रिटिश गाड्यांत वायरी एकमेकींना जोडायला पितळी बुलेट आणि रबरी नळीतला जोड असतो. दिव्यांच्या मागे, ग्रिलजवळ, डिकीत, म्हणजे नेमका पाणी पोचतं तिथे. ओढून काढा, बुलेट घासा, नळीतला पत्रा काळा पडला असेल तर जोडच नवा घाला. वर्षानुवर्षं न हललेला जोड नुसता काढून परत घातला तरी दिवा उजळतो. तेवढ्यावर समाधान मानू नका, पावसाळ्यात तो पुन्हा मंद पडेल.

पायानं दाबायचा डिपर स्विच चिखलात असतो. त्यात येणारं आणि जाणारं व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर तो उघडून साफ करा किंवा बदला.

४. उभ्या गाडीत झिरपणारा करंट

बॅटरीचं अर्थ टोक काढा आणि टोक व खुंट यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावा. दारं बंद, सगळं बंद. जुन्या गाडीत कॉम्प्युटर नाही, त्यामुळे दिवा पेटायला नको. डॅशबोर्डवरचं इलेक्ट्रिक घड्याळ स्वतःला चावी देतं तेव्हा क्षणभर लुकलुकेल, तेवढं चालेल. पेटून राहिला तर एकेक फ्यूज काढत जा, दिवा विझला की ती लाइन सापडली. डिकीतला दिवा, ग्लव्ह बॉक्समधला दिवा, दाराचा स्विच, हे नेहमीचे.

सगळे फ्यूज काढूनही पेटलाय? डायनॅमोवरची जाड वायर सोडून पाहा. विझला तर कटआउटचे पॉइंट (उघड-मीट होऊन वीज जोडणारे-तोडणारे ठोकळे) चिकटलेत आणि बॅटरी डायनॅमोमधून रिकामी होतेय. डायनॅमो हाताला गरम लागत असेल तर खात्रीच. बॅटरी सोडून ठेवा आणि कटआउट दुरुस्त झाल्याशिवाय जोडू नका, नाहीतर डायनॅमोचं वाइंडिंग जळेल.

५. पट्टा आणि डायनॅमो

पट्टा सगळ्यात लांब भागाच्या मध्यावर अंगठ्यानं दाबला की साधारण १२ मिलिमीटर दबावा. सैल असेल तर घसरेल, फार ताणला तर डायनॅमोचं बुश जाईल. बऱ्याच डायनॅमोंच्या मागच्या बुशला तेलाचं छिद्र असतं. सर्व्हिसला दोन-तीन थेंब पुरे, जास्त तेल कम्युटेटरवर, म्हणजे कार्बन जिथे घासतात त्या तांब्याच्या गोल भागावर, उडतं.

आता डायनॅमोचा स्वभाव समजून घ्या, नाहीतर चांगल्या डायनॅमोला बिघडलेला ठरवाल. इंजिन हळू फिरत असताना तो चार्ज करत नाही. लाल दिवा तेव्हा लुकलुकणं बरोबर आहे. गाडी सुरू केल्यावर ॲमीटर बरंच चार्जिंग दाखवतो आणि अर्ध्या तासात दोन-तीन अँपिअरवर उतरतो, तेही बरोबर. बॅटरी भरली की रेग्युलेटर हात आखडतो.

लाल दिवा मात्र काय सांगतो ते फार थोड्यांना माहीत असतं. त्याचं एक टोक इग्निशन स्विचकडे, दुसरं डायनॅमोकडे असतं. दोन्हीकडे सारखं व्होल्टेज असलं की तो विझतो. गाडी पळत असताना, खासकरून हेडलाइट लावल्यावर, तो अंधुक पेटत असेल तर डायनॅमो चालूच आहे, फक्त त्याच्या आणि बॅटरीच्या मध्ये एखाद्या जोडावर किंवा कटआउटच्या पॉइंटवर व्होल्ट पडतायत. डायनॅमो उतरवायच्या आधी ते जोड घासा.

खरंच शंका असेल तर ब्रिटिश डायनॅमोची चाचणी अशी. 'डी' (वीज बाहेर येते ती) आणि 'एफ' (आतलं चुंबकत्व तयार करणाऱ्या फील्ड कॉइलची) या दोन्ही वायरी काढा. डायनॅमोवरच्या दोन्ही टर्मिनलना एका छोट्या वायरीनं जोडा. मीटर त्या जोडाला आणि इंजिनला. इंजिन सुरू करून हळूच वाढवा, व्होल्टेज भराभर चढायला हवं. १५ च्या पुढे नेऊ नका, इंजिन रेस तर अजिबात करू नका, कारण आता त्याला आवरणारा रेग्युलेटर जोडलेला नाही. शून्य आलं तर कार्बन झिजलेत किंवा अडकलेत, कम्युटेटर काळा आहे, किंवा उरलेलं चुंबकत्व गेलंय. अर्ध्या-एक व्होल्टला अडकलं तर फील्ड कॉइल, चार-पाच व्होल्टला अडकलं तर आर्मेचर (आतला फिरणारा भाग) पाहावं लागेल.

अमेरिकन गाड्यांत ही चाचणी जशीच्या तशी करू नका. काही डायनॅमोंची फील्ड रेग्युलेटरमध्ये अर्थ होते, काहींची डायनॅमोच्या आतच. पहिल्या प्रकारात 'एफ' अर्थ करून तपासतात, दुसऱ्यात मुख्य टर्मिनलला जोडून. कोणता आहे ते मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय वायर जोडू नका.

गाडी बरीच वर्षं पडून होती किंवा पोलॅरिटी बदलली असेल तर डायनॅमोला पुन्हा चुंबकत्व द्यावं लागतं. ब्रिटिश डायनॅमोत वायरी काढलेल्या असताना बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकापासून आणलेली वायर 'एफ' ला एक-दोन सेकंद, दोन-तीनदा टेकवायची. बारीक ठिणगी दिसेल. बॅटरी मात्र योग्य बाजूनं जोडलेली हवी.

६. रेग्युलेटर आणि कटआउट

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं तरच झाकण उघडा. आधी बॅटरीचं अर्थ टोक काढा. कटआउटचे पॉइंट बारीक काचपेपरनं घासायचे. ब्रिटिश रेग्युलेटरचे पॉइंट जास्त कडक धातूचे असतात, त्यांना बारीक कार्बोरंडमचा दगड चालतो, पण तो दगड कटआउटच्या मऊ पॉइंटवर कधीच वापरू नका. घासून झाल्यावर स्पिरिटच्या फडक्यानं धूळ पुसा.

बॅटरीवर, गाडी थोडी चालवून आल्यावर, वाढवलेल्या इंजिनला १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. १३ च्या खाली चार्जिंग होत नाही, १५ च्या वर बॅटरी उकळतेय. ६ व्होल्टच्या गाडीला साधारण ७ व्होल्ट धरा. ल्यूकस (ब्रिटिश गाड्यांचे इलेक्ट्रिक भाग बनवणारी कंपनी) च्या रेग्युलेटरच्या मॅन्युअलमध्ये १६ व्होल्टच्या आसपासचा आकडा वाचून लोक घाबरतात. तो बॅटरी सोडलेली असतानाचा आहे, चूक नाही.

समायोजनाचे स्क्रू सहज फिरतात, म्हणूनच फिरवू नका. ते तापमानाप्रमाणे, अचूक मीटरनं, अर्ध्या मिनिटाच्या आत बसवायचे असतात, कारण कॉइल तापली की आकडा सरकतो. मी ते शेवटचा उपाय म्हणूनच हातात घेतो.

७. भाराचा हिशेब

डायनॅमो २० अँपिअरच्या आसपास देतो. रात्री पावसात: दोन हेडलाइट ४५ वॅटचे, म्हणजे ९०. टेल, नंबर प्लेट, मीटरचे दिवे मिळून २५. इग्निशन कॉइल ४०, वायपर ३५. एकूण १९० वॅट, म्हणजे सुमारे १६ अँपिअर. उरले चार, त्यांतून बॅटरी भरायची. ५५ वॅटचे दोन फॉग लाइट लावले की नऊ अँपिअर आणखी, आणि बॅटरी चालता चालता उतरते. इथे डायनॅमोचा काही दोष नाही.

एक बदल मात्र मी आनंदानं करतो: हेडलाइटला लपवलेला रिले. करंट थेट बॅटरीपासून फ्यूजमधून दिव्याला जातो, मूळ स्विचवर फक्त रिलेचा भार. स्विच वाचतो आणि तेच मूळ बल्ब कितीतरी उजळ जळतात. एलईडी बल्ब घातले तर जुना गरम तारेचा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) चालणार नाही, त्याला बल्बचा पूर्ण करंट लागतो.

८. वायरिंग

सुती वेष्टणाच्या वायरीत आतलं रबर कडक होऊन तडकतं. डॅशबोर्डमागची एक वायर हळूच वाकवा. रबराचा भुगा पडला तर पुढे कुठलीही वायर ओढू नका. ल्यूकसच्या रंगांत तपकिरी म्हणजे बॅटरीकडून कायम जिवंत, पांढरी इग्निशनवर जिवंत, हिरवी इग्निशन व फ्यूजनंतरची, काळी अर्थ, निळी हेडलाइटची, लाल पार्किंग आणि टेलची. तपकिरी लाइनला बऱ्याच गाड्यांत फ्यूजच नसतो, म्हणून ती घासली तर थेट आग. ॲमीटरच्या मागचे नट सैल असतील तर आवळा, पण बॅटरी सोडूनच. आणि बॅटरीला एक कट-ऑफ स्विच लावा, उभ्या गाडीसाठी मला याहून स्वस्त विमा माहीत नाही.

केव्हा थांबायचं

जळकट वास आला, धूर दिसला, वायर गरम लागली: बॅटरी सोडा, काम बंद. त्यानंतर 'एकदा पाहू' म्हणून सुद्धा जोडू नका.

रबराचा भुगा एकाहून जास्त ठिकाणी पडत असेल तर तुकड्यातुकड्यानं टेप लावत बसू नका. पूर्ण हार्नेस (गाडीच्या सगळ्या वायरींचा संच) मूळ रंगांत बनवून घ्या, आणि तो जुन्या गाड्यांचं काम करणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच बसवा. डायनॅमो चाचणीत नापास झाला आणि कार्बन-कम्युटेटर साफ करूनही उठला नाही, तर आर्मेचर आणि फील्डचं काम वाइंडिंगवाल्याचं, त्याच्याकडे ते तपासायचं यंत्र असतं. रेग्युलेटरचे पॉइंट साफ करूनही व्होल्टेज १५ च्या वर राहतंय, अर्थ पक्की आहे, तर तो सेट करणाऱ्याकडे द्या आणि तोवर गाडी लांब नेऊ नका. बॅटरी फुगली किंवा तिला तडा गेला तर ती चार्जरला लावूच नका. आणि पेट्रोलचा वास येत असेल तर आधी ती गळती काढा, मीटरसुद्धा नंतर.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना तो लक्षणांचा कागद आणि मोजलेले आकडे बरोबर न्या: उभ्या गाडीचं व्होल्टेज, सेल्फ मारताना बॅटरीवर किती आणि इंजिनच्या अर्थवर किती, वाढवलेल्या इंजिनवर किती. एवढे चार आकडे हातात असतील तर तो आधी रेग्युलेटर बदलून पाहणार नाही, नेमक्या जागी हात घालेल.

काम झाल्यावर एका रात्री हेडलाइट, वायपर लावून तासभर गाडी चालवा. परत आल्यावर इंजिन बंद करून प्रत्येक मोठ्या जोडाला हाताची पाठ लावून पाहा. जो जोड बाकीच्यांपेक्षा गरम लागेल तो उद्या पुन्हा उघडा. सकाळी बॅटरी मोजा. १२.६ असेल तर सेल्फ मारा.